फियाटच्या कागदावरची सही

बोरिवलीच्या त्या बँकेत पद्मजा संझगिरीच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही चेक पुढे सरकत नसे. सह्या पडताळणं हे तिचं काम, आणि अठरा वर्षं ते करून तिला त्याचा चांगलाच माज चढला होता. खणातून नमुना सहीचं कार्ड काढायचीही तिला गरज वाटत नसे. चष्मा नाकावर खाली ओढून ती चेककडे एकदाच बघे आणि म्हणे, "खरी आहे," नाहीतर म्हणे, "बोलवा त्यांना." एका गृहस्थाची सही त्याच्या धाकट्या भावाने ठोकून दिली होती, तर हिने नुसता चेक बघून त्या भावाचं नाव सांगितलं होतं. तेव्हापासून मॅनेजरसुद्धा तिच्या वाटेला जात नसत.

अशा बाईच्या स्वतःच्याच कागदावर आरटीओने 'सही जुळत नाही' असा शेरा मारला, तेव्हा तिचा किती जळफळाट झाला असेल ते सांगायला नको.

कागद होता गाडीचा. बेळगावच्या तिच्या थोरल्या भावाची, बाळ हळदणकरांची, करड्या रंगाची फियाट. सहासष्ट साली दादाने ती नवी कोरी घेतली तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली होती. याच गाडीवर त्याने पद्मजाला गाडी शिकवली, तीही आई डोक्याला हात लावून ओसरीवर बसलेली असताना. "समोर बघ, हात ढिला सोड, मी आहे," एवढंच तो म्हणायचा. पुढे याच गाडीत बसून ती सासरी निघाली आणि वेशीपर्यंत रडली.

ती गाडी दादाने गेल्या वर्षी, पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना एका ड्रायव्हरबरोबर मुंबईला पाठवून दिली. सोबत वहिनीच्या अक्षरातली चिठ्ठी होती, 'हे म्हणतात, गाडी तुझी. नावावर करून घे. ते आता थकले चालवून.' साठीही न उलटलेला माणूस थकतो कसा, हा प्रश्न पद्मजाला पडायला हवा होता. पण गाडी दारात उभी होती, आणि शेजारणी खिडक्यांतून बघत होत्या. अशा वेळी प्रश्न कुणाला पडतात?

कर्नाटकातली गाडी. बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यायला हवा, आणि त्याआधी ती पद्मजाच्या नावावर व्हायला हवी. तिकडच्या ऑफिसचा ना हरकत दाखला आला. राहिला होता फक्त मालकाच्या सहीचा फॉर्म. मे संपायच्या आत ते झालं नाही तर गाडी परत बेळगावला जाणार. तिथे एक दलाल टपलेलाच होता. जुन्या गाड्या घेऊन त्यांचे सुटे भाग विकायचे, हा त्याचा धंदा. दादाची फियाट तुकड्यातुकड्यांनी विकली जाणार, हे पद्मजाला मुळीच चालणारं नव्हतं.

मार्चमध्ये फॉर्म पहिल्यांदा परत आला. तिने तो पोस्टाने बेळगावला धाडला, नवीन सही मागवली. एप्रिलमध्ये तोही परत. दुसऱ्या खेपेला इन्स्पेक्टरने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"मॅडम, राग मानू नका. सही घरीच केली नाही ना कुणी?"

पद्मजाच्या कानशिलांत कढत वाफ शिरल्यासारखं झालं. "अहो, मी बँकेत सह्याच तपासते!"

"म्हणून तर विचारतो," तो शांतपणे म्हणाला. "आता मालक स्वतः समोर आला तरच पुढचं काम होईल."

त्या दिवशी तिने दोन्ही फॉर्म बँकेत नेले आणि भिंगाखाली धरले. 'बा. ह. हळदणकर.' 'ळ'चे दोन गोल दादाचे होते, यात शंका नाही. पण 'ह'ची शेपटी? ती खाली जाऊन डावीकडे वळत होती. अशी शेपटी पद्मजाने कुठे बघितली होती? तिने पर्समधून वहिनीचं पत्र काढलं. गेली दोन वर्षं दादाची सगळी पत्रं वहिनीच लिहीत असे, 'यांना दुकानात वेळ होत नाही' म्हणून. पत्रातला 'ह' आणि सहीतला 'ह' तिने शेजारी शेजारी ठेवले, आणि तिच्या तोंडून निघालं, "सापडली!"

रत्नप्रभावहिनी! गाडी नणंदेकडे गेली ते हिला रुचलं नाही, म्हणून मुद्दाम बिघडलेली सही करून कागद अडकवते आहे. दादा बिचारा गल्ल्यावर, त्याला पत्ताच नाही. पद्मजाचा हा हिशेब पाच मिनिटांत जमला, आणि तो चुकला असेल असं तिला क्षणभरही वाटलं नाही.

तिने बेळगावला ट्रंककॉल लावला. फोन वहिनीनेच उचलला.

"दादाला द्या," पद्मजा म्हणाली. "दादालाच."

"पदे, बोल," दादाचा आवाज आला.

"दादा, सही करायला तुला इथे यावं लागेल. तू स्वतः. आणि जी काय सही करायची ती माझ्यासमोर."

पलीकडे दादा वहिनीशी हळू आवाजात काहीतरी बोलला. मग दादा म्हणाला, "बरं. येतो."

मधल्या दिवसांत तिने गाडी साकीनाक्याला कुंडलिकच्या गॅरेजात नेली. आत बोनेटखाली ठोकलेल्या चेसिस नंबरावर एकोणीस दसऱ्यांची हळद-कुंकू आणि तेल यांची पुटं चढली होती. कुंडलिकने ती रॉकेलने धुतली, नंबरावर कागद धरून वर पेन्सिल घासली आणि ठसा काढून दिला. मग गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "बाय, उजवी बाजू झकास आसा. डाव्या अंगाक मात्र नुसते चरे. कोण चलवी होतो ही?"

"तो आणणारा ड्रायव्हर, दुसरं कोण!" पद्मजा म्हणाली. तिच्याकडे सगळ्याचं उत्तर तयार असे.

ठरल्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन आरटीओच्या आवारात हजर झाली. दादा आणि वहिनी एसटीतून उतरून टॅक्सीने थेट तिथेच आले. दादा वाळला होता. वहिनीने त्याचं कोपर धरलं होतं, आणि ते तिने सोडलंच नाही. एवढंसुद्धा मोकळं सोडवत नाही हिला, पद्मजाच्या मनात आलं.

इन्स्पेक्टर आला. चेसिस नंबरचा ठसा, दाखला, आरसी बुक, सगळं बघून त्याने नवा फॉर्म बोनेटवर पसरला आणि दादाच्या हातात पेन दिलं. "करा सही. इथे, खालच्या रेघेवर."

वहिनी पुढे झाली. तिचा हात दादाच्या मनगटाकडे गेला.

"बाई, तुम्ही लांब उभ्या राहा," इन्स्पेक्टर म्हणाला.

"हो, वहिनी, लांबच राहा," पद्मजा म्हणाली, आणि तिच्या आवाजातली धार वहिनीला बरोबर लागली. "करू दे त्याला एकट्याला. बघू तरी."

वहिनी मागे सरली. दादाने पेन उघडलं. मान ताठ ठेवून, समोर कुठेतरी बघत, त्याने हात खाली आणला. पेनाचं टोक फॉर्मपासून वीतभर बाजूला, गाडीच्या पत्र्यावर टेकलं, आणि दादा तिथेच सही करू लागला.

पत्र्यावर शाई धड उमटत नव्हती. 'बा' निम्मा झाला आणि दादा थांबला. बोटांना कागद लागत नाही हे त्याला समजलं होतं.

पद्मजाने गाडीच्या डाव्या अंगाकडे पाहिलं. डावीकडचे चरे. वहिनीची पत्रं. सोडलं न जाणारं कोपर. आणि ती सही! 'ळ' दादाचा होता, 'ह'ची शेपटी वहिनीची होती, कारण पेनावर दोघांचे हात होते. तिने बरोबर ओळखलं होतं आणि तिला काहीएक कळलं नव्हतं.

"साहेब," दादा म्हणाला, "सह्या मीच केल्या. हिने फक्त माझा हात रेघेवर नेला. मला दिसत नाही. काचबिंदू. डावा डोळा आधी गेला, आता उजव्यालाही उजेडापलीकडे काही नाही. एक दिवस दुकानासमोर एका सायकलवाल्याला घासून गेलो, तो पडला. त्याला काही झालं नाही, पण मी त्याच दिवशी किल्ली खाली ठेवली."

"दादा, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गाडी घेतली असतीस? रडत बेळगावला आली असतीस आणि गाडी दलालाकडे गेली असती. मी हिला शपथ घातली होती."

इन्स्पेक्टरने टोपी काढून घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. "मला वाईट वाटतं, काका. पण तुम्हीच मालक, हे मी मानू कशावरून? सही तर..."

दादा हसला. पद्मजाला फॉर्म उचलायला सांगून तो गाडीच्या कडेकडेने, हात पत्र्यावर ठेवत, चालत गेला. कुणाला न विचारता त्याने आतला खटका ओढला, पुढे येऊन बोनेट वर केलं, आणि त्याची बोटं वाट न चुकता त्या ठोकलेल्या आकड्यांवर जाऊन टेकली. एकोणीस दसरे त्याने तिथे कुंकू लावलं होतं. एकेका आकड्यावर बोट ठेवत त्याने नंबर वाचला. इन्स्पेक्टर आरसी बुकात बघत होता. शेवटचा आकडा झाल्यावर त्याने बुक मिटलं.

"माझ्यासमोर एक सही करा. जशी होईल तशी. मी शेरा लिहितो."

आता पद्मजा पुढे झाली आणि बोनेट मिटून तिने फॉर्म पुन्हा त्यावर पसरला. हे काम तिचं होतं. पर्समधली बँकेची पट्टी काढून तिने ती फॉर्मवरच्या रेघेखाली घट्ट दाबून धरली आणि दादाचं बोट पट्टीच्या कडेला लावलं.

"पट्टीला धरून चल, दादा. समोर बघ, हात ढिला सोड. मी आहे."

दादाने सही केली. शेवटचा 'र' जरा वर चढला, पण ती सही आदीपासून अंतापर्यंत एकाच हाताची होती. इन्स्पेक्टरने ती आरसी बुकातल्या जुन्या सहीशेजारी धरली आणि मान डोलावली.

पद्मजा वहिनीकडे वळली. "वहिनी, मी तुम्हाला काय काय समजले होते..."

"ठाऊक आहे," रत्नप्रभावहिनी म्हणाली. "फोनवरच कळलं होतं. आता तू आधी सही कर, महिना संपत आलाय."

नव्या मालकाची सही पद्मजाने केली. इन्स्पेक्टरने ती बघितली, मग तिने मार्चमध्ये अर्जावर केलेली सही बघितली, मग पुन्हा ही.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचीही जुळत नाही."

पद्मजाने चष्मा काढला. डोळे इतके भरले होते की कागद तिलाही दिसत नव्हता.

"द्या तिला दुसरा फॉर्म," दादा म्हणाला, आणि अंदाजाने हात लांबवून त्याने बहिणीचं मनगट धरलं. "चल, पदे. दोघं मिळून करू."