थोरल्या बाईंचा समुद्र

या, अशा जवळ सरका. मांडव मोठा आहे, पण ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. बुवा यायला अजून अवकाश आहे, पेटीवाला अजून सूरच शोधून राहिलाय, तोवर माझ्याकडं कान द्या. घरी जाऊन दाराला कडी घालाल तेव्हा ही गोष्ट आठवेल, असा माझा शब्द.

आमच्या लातुरात क्लासेसच्या गल्लीत ग्यानोबा आणि सरस्वतीबाई राहतात. खाली खानावळ, वर पोरांच्या खोल्या. डॉक्टर व्हायला आलेली ही पोरं पुस्तकावर डोकं टेकून झोपतात आणि भात निवाला की सरस्वतीबाई त्यांना नावानं हाका मारून उठवते. ग्यानोबांनी उभी हयात लातूर-नांदेड रस्त्यावर जीप चालवली. गळ्यात माळ, कपाळी बुक्का. कीर्तनात टाळ धरला की माणूस वेगळाच होतो. एरवी मात्र अबोल. भूकंपाचं नाव निघालं की उठून बाहेर जातात.

कारण त्यांची पहिली बायको अंबिका त्यात गेली. तेरणेच्या काठचं त्यांचं गाव एका पहाटेत भुईसपाट झालं. पुढं वर्षभरानं नायगावच्या गरीब घरातून सरस्वती आली. लग्नानंतर जोडीनं माहूरला गेले तेव्हा देवीसमोर सासूनं तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक टाक बांधला. चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची आकृती. सवतीचा टाक तो. आपल्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं असतं. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, चहाचा पहिला घोट तिला म्हणायचा. सरस्वतीबाईनं हे कधी चुकवलं नाही. रोज सकाळी कप हातात धरून म्हणायची, "थोरल्या बाई, आधी तुमी."

पण माणूसच ना ती. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट आधी दुसरीनं वापरलेली.

त्या वर्षी नीटची परीक्षा झाली, पोरं गावाला गेली, खोल्या रिकाम्या झाल्या. मुलगा लखन पुण्यात डॉक्टर झालाय. त्यानं जुनी गाडी आणून दारात लावली आणि म्हणाला, "बाबा, जन्मभर लोकांना फिरवलंत. आता आईला फिरवा. समुद्र दाखवा."

समुद्र! सरस्वतीबाईनं पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे नांदेडजवळचं विष्णुपुरीचं धरण. समुद्राला पलीकडचा काठ नसतो, एवढंच तिला ठाऊक. निघायच्या सकाळी तिनं गळ्यातला टाक काढला, देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मनात म्हणाली, बाई, एवढं एक मला दोघांचं असू द्या. पदर गळ्याभोवती घट्ट घेतला आणि आधी जाऊन गाडीत बसली. ग्यानोबा मागून कुलूप लावून आले. त्यांना जरा उशीरच लागला.

डब्याची पिशवी ती मागच्या सीटवर टाकायला गेली तर ते म्हणाले, "मागं नको. डिक्कीत ठेव."

"का? मागं कोन बसणार हाय?"

"हवा येऊ दे जरा."

मागच्या सीटवर फक्त त्यांचं उपरणं होतं, नीट घडी घातलेलं.

औसा गेलं. तेरणेकडचा फाटा आला तशी ग्यानोबांनी मान वळवली नाही, पण आरशात पाहिलं. तुळजापूरच्या अलीकडं चहाला थांबले. ते हात धुवायला उतरले, ती गाडीतच बसली होती. पोऱ्या तीन चहा घेऊन आला.

"दोन सांगितले ना रे?"

पोऱ्यानं मागच्या काचेतून आत पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. तिसरा कप परत घेऊन गेला. तिनं आपला कप तोंडाला लावला आणि सवयीनं ओठांवर शब्द आले, "थोरल्या बाई..." तिनं ते चहाबरोबर गिळले. चहा कडू लागला.

पुढं सोलापूर, सांगोला, आणि मग तासगावकडचा द्राक्षांचा मुलूख. नुकती छाटणी झालेली, तारांवर कोवळी पालवी चढत होती. एका बागेच्या कडेला पाटी दिसली: वाईन मिळेल. आतून मालक हात जोडून बाहेर आला. "या दादा, चाखून तरी बघा. द्राक्षाचाच रस की हो."

ग्यानोबांनी माळ दाखवली. "ह्यो रस आमाला वर्ज्य हाय, मालक."

"मला तर न्हाई ना माळ," सरस्वतीबाई म्हणाली, आणि ते इतके दचकले की ती पोट धरून हसली. "भिऊ नका. बेदाणा घेते नुसता."

मालकाच्या म्हाताऱ्या आईनं बेदाण्याच्या पुड्या बांधल्या. दोघांच्या हातात दोन दिल्या आणि तिसरी घेऊन ती गाडीकडं चालू लागली.

"आजी, कुठं निघालात?"

"तुमच्या त्या बाईला दिऊ की. उन्हात बसलीय बिचारी."

"कुठली बाई?"

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून गाडीकडं पाहिलं. "बसली हुती की," ती म्हणाली, आणि पुडी सरस्वतीबाईच्याच ओटीत टाकून आत गेली.

तिथून सरस्वतीबाईचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. म्हातारीला दिसत नसेल, पोऱ्याचा हिशेब चुकला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण मागं वळून पाहायचं धाडस होईना. ग्यानोबा मात्र सारखे आरशात पाहत होते. गाडी खड्ड्यात आदळली की हळूच म्हणायचे, "सांभाळून." तिला वाटायचं, हे मला म्हणून राहिले का आणखी कुणाला?

कोल्हापुरात एका धर्मशाळेत मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी घाट उतरले आणि दुपारी कोकणातल्या एका खेड्यात पोहोचले. नारळीच्या आड एक कौलारू खोली भाड्यानं मिळाली. समुद्र दिसत नव्हता, झाडांमागं होता. "उन्हं उतरली की जाऊ," ग्यानोबा म्हणाले. गाडी सावलीत लावली, मागची काच उघडी ठेवली. दोघं चटईवर आडवे झाले आणि दमणुकीनं डोळा लागला.

सरस्वतीबाई जागी झाली ती त्यांच्या ओरडण्यानं. भरती चढत होती. जमिनीतून, भिंतीतून एक आवाज येत होता: गुड-गुड-गुड, थांबत नव्हता. वाऱ्यानं कौलं खडखडत होती. ग्यानोबा दाराशी होते, दोन्ही हातांनी दार ओढत होते आणि दार उघडत नव्हतं. बाहेरून कडी होती.

"उघडा! अगं आलो, आलो ना मी! उघडा!"

त्यांची बोटं फळीवर घासून रक्ताळली. तिनं त्यांना मागून धरलं. "अहो, समुद्र हाय तो! समुद्राचा आवाज हाय!" त्यांना ते ऐकूच जात नव्हतं.

शेवटी घरमालकीण धावत आली, कडी काढली. बिचारी घाबरून गेली होती. "अगो बाई, तुम्ही आतच होतात? मला वाटलं, दोघंही गेलात. गुरं शिरतात हो खोलीत, म्हणून कडी ओढली. मघाशी तुमची मंडळी उतरली ना गाडीतून नि गेली समुद्राकडं? मी बघितलं. हिरव्या लुगड्यातली."

सरस्वतीबाईचं लुगडं जांभळं होतं.

ग्यानोबा बाहेर पडले. गाडीपाशी गेले, मागच्या सीटवरचं उपरणं उचललं, छातीशी धरलं आणि झाडांतून चालू लागले. ती मागोमाग. झाडं संपली आणि समोर समुद्र आला. खरंच पलीकडचा काठ नव्हता. ग्यानोबा वाळूत बसले, उपरण्याची घडी उलगडली. आत तो टाक होता.

"तू इसरली व्हतीस," ते म्हणाले. "कुलूप लावताना देवघरात दिसली. एकटी. माझा हात कुलपाला लागंना, सरू."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते बोलले.

"त्या राती गणपती बोळवायला निघालो. अंबिका म्हनली, दमलेय मी, झोपते; आल्यावर मला उठवू नका. हिरवं लुगडं नेसलेली. मनून मी जाताना भायेरून कडी घातली. इसर्जन झालं, पारावर भजन रंगलं, म्या तितंच आडवा झालो. मग ह्यो आवाज आला. असाच. पळत घरी आलो तर माळवद खाली, भिंती खाली. दार तेवढं चौकटीसकट उभं व्हतं. कडी घातलेली. तिनं आतून दार वाजवलं असंल का? हाका मारल्या असतील का मला? कुणाला इचारू मी? टाळ वाजवताना बी त्येच ऐकू येतं."

सरस्वतीबाई त्यांच्याशेजारी बसली. म्हणाली, "मी इसरले न्हाई. मुद्दाम ठेवला. एकदा तरी मला आधी जायचं व्हतं."

त्यांनी टाक मुठीत घेतला. मग म्हणाले, "मग जा की. तू आधी जा. मी हिला धरून हितंच ऱ्हातो."

ती उठली. ओल्या वाळूपर्यंत गेली. लाट तिच्या अंगठ्यापाशी येऊन परत फिरली. मागं पाहिलं तर एक थकलेला माणूस मूठ मिटून बसला होता, आणि त्या मुठीत एक बाई, जिला कुणी विचारलंच नव्हतं की तुला कुठं जायचंय. पोरगीच असेल तेव्हा. आता सरस्वतीबाईची लेक शोभेल अशा वयाची.

ती परत आली. त्यांच्या मुठीतून टाक घेतला, गळ्यात बांधला.

"चला, थोरल्या बाई. आज आधी तुमी न्हाई, आधी मी बी न्हाई. संगट."

आणि ग्यानोबांना म्हणाली, "तुमी बी उठा. का आमा दोघींना एकटंच सोडता?"

ती मला सांगत होती की पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा टाक गळ्यावर गरम लागला, तापल्या कपासारखा. उन्हानं असेल. मी तिला विचारलं, हिरव्या लुगड्यातली बाई पुन्हा दिसली का? ती म्हणाली, "न्हाई. परतीच्या वाटेवर तिसरा चहाबी कुणी आणला न्हाई. त्येच लई सुनं वाटलं. मग मीच मागून घेतला."

आता बुवा आले, टाळ वाजू लागले. ते बघा, खांबापाशी ग्यानोबा उभे आहेत. मधेच टाळ थांबवून कान देतात, मग पुन्हा धरतात. तुम्हाला एवढंच मागणं आहे: उद्या कुठल्याही दाराला बाहेरून कडी घालाल, तेव्हा आधी आत एक हाक मारा. कुणी नसलं तरी मारा. आणि त्या वेळी अंबिका नावाच्या एका पोरीला आठवा, जी दमून झोपली होती आणि म्हणाली होती, मला उठवू नका.