न्हाणीतला दगड

"मावशी, इथे पाचवा दगड असायला हवा," भार्गवी मॅडम हातातला कागद पुन्हा बघत म्हणाल्या. "चार आहेत, पुढे सहावा आहे. मधला कुठे गेला?"

गुणाबाईचा विळा घाणेरीच्या झुडपात तसाच थांबला. तो दगड कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळीच ती त्यावर बसून अंघोळ करून आली होती.

कंधारपलीकडच्या त्या माळावर एके काळी गोऱ्या पलटणीची छावणी होती. पलटण गेली, बराकी पडल्या, उरला तो गिरजा आणि आवारातल्या कबरी. गिरज्याची घंटा केव्हाच नाहीशी झाली होती. आत वटवाघळं लटकत आणि रंगीत काचेच्या खिडकीतून आता पिंपळ डोकावत होता. तिन्हीसांजेनंतर गावातलं कोणी तिकडे फिरकत नसे. दिवसाढवळ्या मात्र सगळ्यांनीच हात मारून घेतला होता. कोणाच्या गोठ्यात गिरज्याची फरशी, कोणाच्या ओट्याला पायरी. गुणाबाईच्या नवऱ्याने, भागवतने, लग्नाच्या साली न्हाणीसाठी एक दगड गाडीत घालून आणला आणि लिहिलेली बाजू खाली करून बसवला. मेलेल्याला काय करायचाय, म्हणाला. नव्या नवरीला दगड गार आणि गुळगुळीत लागला, एवढंच.

मॅडम नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. कबरींची यादी करायला त्या आल्या होत्या आणि झाडझूड करायला त्यांनी गुणाबाईला रोजाने लावलं होतं.

"त्या पाचवीत कोण हाय?" विचारू नये असं वाटत असतानाच गुणाबाईने विचारलं.

"लहान मुलगी. ॲग्नेस नाव." मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "दहा दिवसांचीच होती."

"दहा?"

"हो. दगडाचं मापही दिलंय. अडीच फूट बाय दीड फूट."

गुणाबाईची पहिली लेक दहाव्या दिवशीच गेली होती. सासूने त्याच दगडावर पाय पसरून तिला नऊ दिवस न्हाऊ घातलं होतं. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत. भागवतने तिला बांधावरच्या बाभळीखाली पुरलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढे भागवतची शेवटची अंघोळही त्याच दगडावर झाली. सुनेचे, शिवांगीचे, दोन गर्भ त्याच घरात गळून पडले. आता तिला तिसऱ्यांदा आठवा महिना लागला होता. इतकी वर्षं गुणाबाई या सगळ्याला नशीब म्हणत आली होती. आज त्या नशिबाचं माप मॅडमच्या कागदावर निघालं.

ती घरी आली तेव्हा शिवांगी न्हाणीत, त्याच दगडावर, पोटाला हात लावून बसली होती.

"आत्याबाई, सकाळपसून लेकरू हालून नाही राहिलं."

"ऊठ. आधी त्या दगडावरून ऊठ."

मुलगा आदिनाथ जीप घेऊन आला. शिवांगीला मागे निजवून त्याने आईसाठी दार उघडं धरलं.

"तू बी चल ना, आई."

"तुमी व्हा फुडं. मला काम हाय."

जीप वळणाआड गेली तशी ती दिराकडे गेली. ग्यानोबा पहार घेऊन आला खरा, पण काम ऐकून दारातच थबकला.

"वैनी, सूनबाई दवाखान्यात अन् तुमी न्हाणी फोडून राहिल्या?"

"तुमच्या भावानं आणलेलं माघारी द्यायचंय."

दगड निघाला. खाली काळी ओल आणि गांडुळं. उलटा केला, तर मातीने भरलेली अक्षरं कालच कोरल्यासारखी धारदार. ग्यानोबाने झटकन हात मागे घेतला. मग दोघांनी दगड बैलगाडीत चढवला.

गाडी कबरींपाशी आली तेव्हा मॅडम अजून तिथेच होत्या. त्या नुसत्या बाजूला सरकल्या. दगड जागेवर बसला. गुणाबाईने चुलीवरचं पाणी बादलीत भरून बरोबर आणलं होतं. ती मांडी घालून बसली आणि तांब्याने पाणी ओतू लागली. एक तळहात तिने दगडाच्या वरच्या कडेवर आडवा धरला होता. न्हाऊ घालताना बाळाच्या डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून धरतात, तसा.

"आमच्यात बारसं होईस्तोवर नाव नसतंय," ती म्हणाली. "ह्यांच्यात दहा दिवसाचीला बी हाय."

दिवस कलताना फोन वाजला. आदिनाथ होता.

"आई, पोट फाडून काढली. पोरगी हाय. लई बारीक. काचंच्या पेटीत ठिवलीय. डॉक्टर म्हंते, दोन-चार दिवस काहीच सांगता येत नाही."

"तिचं नाव ठेव."

"आँ?"

"आत्ता ठेव. शिवांगीला इचार अन् ठेव."

"बारसं व्हायचंय की अजून."

"बारशाची वाट म्या एकदा पाहिली."

पलीकडे शिवांगीशी कुजबुज ऐकू आली. मग आदिनाथचा आवाज आला, बारीक. "अंबिका म्हंते ती."

"तिच्या कानात सांग."

"पेटीत हाय ती, आई."

"मग काचंला तोंड लावून सांग."

तिने फोन बंद केला. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने थोडा वेळ राहू दिला. मग बादली उचलून ती बांधाच्या वाटेने निघाली. बादलीत तळाला पाणी उरलं होतं, अजून कोमट.

बाभळीपाशी ती थांबली. नेमकी जागा कोणती, हे आता सांगायला कोणी नव्हतं. म्हणून तिने सगळ्या बुंध्याभोवती फिरून, थोडं थोडं, ते पाणी ओतलं.