प्रवेशपत्र हनुमानाच्या नावाचं

मी हनुमानाचा मुखवटा बोलतोय. बँकॉकच्या एका नाट्यशाळेच्या कपाटात, रावणाच्या शेजारी बसून. आमचं बरं पटतं.

चलम नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. मातीच्या साच्यावर कागदाचे थर, वर लाख, पांढरा रंग, सोनेरी वर्ख. नाकापाशी कागद कमी पडले, तेव्हा त्यानं न लागलेली लॉटरीची तिकिटं चिकटवली. शेवटी माझे डोळे रंगवले आणि लगेच मलाच हात जोडले. मी जरा गोंधळलो.

पुढे कळलं, इथे सगळेच मला हात जोडतात. खोन या आमच्या नृत्यनाट्यात मुखवटा म्हणजे गुरू. मला जमिनीवर ठेवत नाहीत, ओलांडत नाहीत. माणसांना मात्र खुशाल ओलांडतात.

आमच्या शाळेतले नर्तक प्रयूनकाका मला घालून नाचायचे. माझ्याआधी त्यांनी दोन हनुमान झिजवले होते. आतली कापडाची गाठ दातांत धरली की मी डोक्यावर हलत नाही. त्यामुळे आतल्या माणसाला बोलता येत नाही, संवाद बाजूचे गायक म्हणतात. एकेचाळीस वर्षांत काकांचा चेहरा एकाही प्रेक्षकानं पाहिला नव्हता.

एक काळ असा होता की प्रेक्षकांपेक्षा आमची वानरसेना मोठी असायची. मग राजवाड्यानं खोनला आश्रय दिला. नवी जरीची वस्त्रं आली, नाट्यगृहं भरू लागली. काकांच्या निवृत्तीला महिना उरला असताना राजघराण्यातल्या बाईसाहेबांसमोर खास प्रयोग ठरला.

प्रवेशपत्रांसाठी राजवाड्याच्या कार्यालयाकडून कोरे अर्ज आले. ‘रंगमंचावर कोण येणार?’ या रकान्यात आमच्या कारकून संगवियनबाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, हनुमान. वडिलांचं नाव, वायू. फोटो माझा जोडला. कार्यालयानं सगळं तपासून शिक्का मारला.

प्रयोगाच्या दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला वाकून नमस्कार केला आणि काकांना अडवलं.

“हे आत जातील,” तो म्हणाला. “तुम्ही कोण?”

“मी यांच्या आत असतो.”

“यादीत तसं काही नाही, काका.”

संगवियनबाई रडकुंडीला आल्या. काकांनी मात्र शांतपणे मला वंदन केलं आणि तिथेच डोक्यावर चढवलं. पहारेकऱ्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि समाधानानं बाजूला झाला. “आता बाहेर येईपर्यंत काढू नका,” एवढंच बजावलं.

तेव्हापासून आम्ही एकच झालो. जेवणाच्या डब्यावर माझं नाव होतं, आत फक्त केळी. मला काढायची मनाई, म्हणून काका उपाशीच नाचले. साठीचे गुडघे, पण लंका अशी जाळली की रावणसुद्धा खूश झाला.

प्रयोगानंतर बाईसाहेब मंचावर आल्या. आमच्यासमोर थांबून त्यांनी विचारलं, किती वर्षं करताय हे?

काका बोलणार कसे? त्यांनी माकडासारखी मान खाजवली. दहा बोटं दाखवली, कोलांटी मारली, पुन्हा दहा. असे चार वेळा दहा, आणि शेवटी एक बोट. सभागृह हसून लोटपोट झालं. बाईसाहेबही हसल्या. मग पुढे झुकून, फक्त आम्हालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “गुडघे फार दुखत असतील ना?”

काकांची मान हलली. माझ्या आत पाणी झरू लागलं. थांबेचना.

मानपत्र अर्थातच ‘श्री. हनुमान, वायुपुत्र’ यांना मिळालं. ते माझ्याच कपाटात लावलंय. काकांची बायको मालिवन ते पाहायला आली.

“नाचलात तुम्ही, आणि मान माकडाला?”

“त्यानंही काम केलंय गं,” काका म्हणाले.

आता काका घरी असतात. त्या दिवशी भिजल्यामुळे माझ्या हनुवटीचे कागद आतून सुटले आहेत, आणि मी जरा वाकडा हसतो. उद्या दुरुस्तीला तज्ज्ञ येणार आहेत. त्यांना कुणीतरी सांगा, रंग द्या, वर्ख लावा, कान बदला हवं तर. हनुवटीला तेवढा हात लावू नका. मानपत्रावर काकांचं नाव नाही. त्यांची सही एवढ्या एकाच जागी आहे.