डाव्या बाणाखालचे सात कागद

मित्रांनो, खोलीच्या कोपऱ्यात एक काळा लोखंडी चौकोन दिसतो ना, तो मी. मी एक जुना डान्स पॅड आहे. मला उचलायला दोन धडधाकट माणसे लागतात आणि या गोष्टीचा मला अजूनही थोडा गर्व आहे. घडी घालून पिशवीत कोंबता येणाऱ्या मऊ चटयांनाही लोक डान्स पॅडच म्हणतात. म्हणोत बापडे.

माझे काम तसे सोपे. समोरच्या पडद्यावर गाणे सुरू होते आणि खालून वर बाण सरकू लागतात. पुढचा, मागचा, डावा, उजवा. बाण वरच्या रेघेला टेकला की माझ्या अंगावरच्या त्याच बाणावर पाय द्यायचा. पाऊल वेळेवर पडले की बाण उजळतो. प्रत्येक बाणाची एक जाड, पारदर्शक फळी आहे आणि तिच्या चार कोपऱ्यांखाली चार पातळ पट्ट्या आहेत. फळी दबली की त्या पट्ट्यांना पाऊल कळते. ते माझे कान आहेत, असे समजा.

मला घडवले एका मिस्त्रीने. पूर्वी तो व्हिडिओ गेमच्या मोठ्या हॉलमध्ये यंत्रे दुरुस्त करायचा. हॉल बंद झाला, पण तिथे नाचणाऱ्यांचे पाय काही स्वस्थ बसले नाहीत. 'हॉलमध्ये होता तस्साच घरी हवा' म्हणत माणसे मिस्त्रीच्या गॅरेजचा दरवाजा ठोठावू लागली. मग त्याने लोखंडी नळ्या जोडून माझ्यासारखे पॅड बनवायला घेतले. मिस्त्रीची जीभ तिखट होती. "यातला चांगला कुठला?" असे कुणी विचारले की तो म्हणायचा, "आधी बूट काढा, उभे राहा, मग बोलू." पॅड माणसाने निवडायचा नसतो, तो पायाने निवडायचा असतो, असे त्याचे ठाम मत होते.

एके दिवशी दुपारी त्याच्याकडे दोन बहिणी आल्या. थोरली सतरा वर्षांची, धाकटी दहाची. धाकटीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालायला लागल्यापासून स्वतःभोवती गिरक्या घ्यायची. पण वर्षापूर्वी जिन्यावरून पडून तिच्या डाव्या मांडीचे हाड मोडले होते. पाच महिने पाय प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर निघाले तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक झालेला दिसला. डॉक्टरांनी सांगितले होते, पाय हलता ठेवा, जमेल तसा नाचवा. म्हणून थोरलीने आधी एक मऊ चटई आणली होती. ती गुळगुळीत फरशीवर सरकली आणि भिंगरी गुडघ्यावर आपटली. तेव्हापासून तिने धसकाच घेतला होता.

"न सरकणारा हवाय," ताईने मिस्त्रीला सांगितले.

"हा सरकायचा नाही. भूकंपाला घाबरत नाही हा," मिस्त्री माझ्या पाठीमागच्या दांड्यावर थाप मारून म्हणाला. मी फुशारलो.

भिंगरी दांडा धरून माझ्यावर चढली. पुढचा बाण उजळला. मागचा उजळला. उजवा उजळला. डाव्यावर तिने पाय दिला आणि काहीच झाले नाही. तिने पुन्हा दिला. तरीही नाही. पाऊल इतके हलके होते की फळी दबलीच नाही. मला ते जाणवत होते, पण माझ्या पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते.

"माझाच पाय तसाय," ती हळूच म्हणाली आणि खाली उतरली.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मागच्या अंगणात मांजरीनं पिल्लं घातलीयेत. किती आहेत मोजून ये बघू."

ती गेली तसे त्याने झटपट डाव्या फळीचे स्क्रू काढले. मित्रांनो, आमच्या धंद्यात एक युक्ती असते. फळी आणि पट्ट्या यांच्या मध्ये चौकटीच्या आकाराचे जाड कागद कापून घालतात. कागद जितके जास्त, तितके हलके पाऊलही पॅडला ऐकू येते. माझ्या प्रत्येक फळीखाली दोन कागद होतेच. मिस्त्रीने डावीकडे आणखी पाच घातले. सात झाले.

"पाय सुधारत जाईल तसा एकेक काढत जा," तो ताईला म्हणाला. "दोन उरले की समज, दोन्ही पाय सारखे झाले. पण तिला सांगू नकोस. तिला वाटू दे, आपलं आपल्याला जमलं."

ताईने मान डोलावली.

भिंगरी परत आली. "चार आहेत! एक पूर्ण काळं!" मिस्त्री म्हणाला, "मघाशी तू घाबरत पाय देत होतीस. आता नीट दे." तिने दिला आणि डावा बाण लख्ख उजळला. ती ओरडली, "ताई, लागला! माझा पाय लागला!" ताईचे डोळे भरून आले. मलाही तेव्हा मिस्त्रीचे फार कौतुक वाटले. आज वाटते, तिथेच आमचे चुकले. सगळे श्रेय पायाला दिले, म्हणून पुढे सगळा दोषही पायालाच गेला.

मी घरी आलो तो दिवस गमतीचा होता. मला दारातून आत घेताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आई म्हणाली, "हा नाचायचा पॅड आहे की तिजोरीचा दरवाजा?" त्या घरात आई, दोन मुली आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलींचा मामा, असे चौघे राहत. मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. धुळीशी त्याचे हाडवैर होते. त्याच्या खिशात कायम एक मऊ फडके असायचे. बोलता बोलता तो समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून पुसायचा आणि परत चढवायचा. मी आल्यावर रोज सकाळी माझीही पुसापुशी सुरू झाली. मला ती आवडायची, खोटे कशाला सांगू?

पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षे. भिंगरी शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि मोजे काढायची. ताई कॉलेजातून आली की दोघी एकदमच माझ्यावर चढायच्या. डावा आणि मागचा बाण भिंगरीचा, उजवा आणि पुढचा ताईचा. एकमेकींच्या कमरेत हात घालून, धक्के देत, "तुझ्यामुळे चुकलं", "तू मध्ये कशाला आलीस" असे भांडत त्या खेळायच्या. चार पावलांचे ते ओझे अजून माझ्या अंगात आहे. रिकामा उभा असताना मला ते सारखे आठवते.

आणि अधूनमधून, भिंगरी शाळेत असताना, ताई एकटीच माझ्याजवळ बसायची. स्क्रू काढायची, डावीकडचा एक कागद काढून घ्यायची आणि फळी पुन्हा बसवायची. संध्याकाळी भिंगरी खेळायला लागली की ताई श्वास रोखून डाव्या बाणाकडे पाहत राहायची. बाण उजळला की तिचा जीव भांड्यात पडायचा. साताचे सहा झाले, सहाचे पाच. पाचाचे चार व्हायला मात्र बरेच महिने लागले. शेवटी दोनच उरले. भिंगरीचे डावे पाऊल आता उजव्याइतकेच जोरात पडत होते. पाय पूर्ण बरा झाला होता. हे घरात दोघांनाच माहीत होते, ताईला आणि मला.

नेमकी त्याच आठवड्यात ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली. तिने ठरवले, पहिल्या सुट्टीत यायचे, भिंगरीसमोर फळी उघडायची आणि सगळी गोष्ट सांगायची. निघताना ती माझ्या दांड्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली.

ती गेल्याला दोनच दिवस झाले होते. मामा चहाचा कप घेऊन माझ्यावरून पलीकडे जात होता. त्याचा पाय दांड्याला अडला आणि कप डाव्या बाणावर लवंडला. मामा इतका ओशाळला की इकडेतिकडे पाहून त्याने आधी दार लोटले. मग फळी उघडली. आत चहाने भिजलेले, तपकिरी पडलेले दोन कागद होते. "हा कचरा कुणी कोंबला इथे?" असे पुटपुटत त्याने ते कागद कचऱ्यात टाकले. पट्ट्या कोरड्या केल्या. फळी तर इतकी चकचकीत घासली की तिच्यात त्याला स्वतःचे तोंड दिसले. चहा आपण सांडला हे कळू नये, म्हणून तो कुणाला काही बोलला नाही.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी तेव्हा छप्पर डोक्यावर घेतले असते.

संध्याकाळी भिंगरी आली. नेहमीचेच गाणे लावले. डाव्या बाणावर पाय दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. तिने खाली वाकून आपल्या पायाकडे पाहिले. ती दांडा धरून त्या एकाच बाणावर पाय आपटत राहिली. त्या बाणावर उजवा पाय टाकून पाहायचे तिला सुचलेच नाही. फळी आणि पट्ट्या यांच्यात दोन कागदांएवढेच अंतर पडले होते, पण तेवढ्याने मी त्या बाजूला ठार बहिरा झालो होतो. मी बहिरा आहे, तुझा पाय चांगला आहे, हे तिला सांगायला मी तडफडत होतो. ती खाली बसली, दोन्ही हातांनी डावी मांडी दाबून पाहू लागली.

त्या आठवड्यात ती रोज प्रयत्न करत होती. मग तिने पडदा बंद केला.

फोनवर ताईने विचारले, "नाचतेस ना गं?" भिंगरी म्हणाली, "कंटाळा आला." पाय पुन्हा गेला हे ऐकले तर ताई नोकरी सोडून परत येईल, अशी तिला भीती वाटत होती. ताईला वाटले, हिला आता मैत्रिणी मिळाल्या, माझी आणि पॅडची गरज सरली. ती थोडी दुखावली आणि तिनेही तो विषय काढायचे सोडले. सुट्टीत ती दोन दिवस आली तेव्हा मी कपाटामागे गेलेलो होतो. कुणी कुणाला काही विचारले नाही.

अशी चार वर्षे गेली. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून मला ती दिसायची. ती जिना सोडून लिफ्टने जाऊ लागली. शाळेची सहल टेकडीवर निघाली तेव्हा ती डोके दुखते म्हणून घरी राहिली. हळूहळू डाव्या पायावर भार न देता उभे राहायची तिला सवयच लागली. चांगल्या पायाला तिने आजारी करून टाकले होते आणि खरे काय ते फक्त मला ठाऊक होते. माझ्या अंगावर धूळ बसली त्याचे मला दुःख नव्हते. पण ती समोरून जायची तेव्हा माझे लोखंड नुसते झुरायचे.

यंदा घराला रंग द्यायचे निघाले. ताई सुट्टी घेऊन आली होती. कपाट सरकवले आणि मी उजेडात आलो. मामा म्हणाला, "कुणाला तरी देऊन टाकू. उगाच जागा अडवतोय."

"द्यायच्या आधी चालतोय का ते तरी बघू," ताई म्हणाली. तिने तारा जोडल्या, चपला काढल्या आणि माझ्यावर उभी राहिली. भिंगरी दारात उभी होती. आता ती सोळा वर्षांची, ताईच्या खांद्याच्याही वर गेलेली. तिने आत पाऊल टाकले नाही.

ताईने पुढच्या बाणावर पाय दिला. उजळला. मागचा, उजवा, तेही उजळले. डाव्यावर दिला. काही नाही. तिने पुन्हा दिला, जरा जोरात. काही नाही.

"अगं, हा डावा बाण माझं पाऊल घेतच नाहीये."

दारातून बारीक आवाज आला. "तुझंही?"

ताईने वळून पाहिले. भिंगरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुझंही घेत नाही? चांगला पाय असून?"

ताई माझ्यावरून उतरली. एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येत गेली तशी तिने स्क्रू काढले. फळी उचलली. आत स्वच्छ, चकचकीत, रिकामे होते. "इथले दोन कागद कुठे गेले?" तिने विचारले. मामाच्या हातातले फडके हातातच राहिले. "मी... चहा सांडला होता गं. मला वाटलं, कचरा आहे," तो म्हणाला.

मग ताईने सगळे सांगितले. मिस्त्री, मांजरीची पिल्ले, सात कागद. भिंगरी ऐकत होती. शेवटी तिने एवढेच विचारले, "तू गेलीस तेव्हा किती उरले होते?"

"दोन. बाकीच्या बाणांइतकेच."

"म्हणजे तेव्हाच मी बरी होते?"

"हो गं," ताई म्हणाली. भिंगरी माझ्या मधोमध बसली आणि गुडघ्यांत डोके घालून रडली. तिची आसवे माझ्या फळीवर पडत होती आणि ती पुसायला मामासुद्धा पुढे आला नाही.

रंगाच्या डब्याच्या खोक्यातून ताईने दोन नवे तुकडे कापले. डावा बाण पुन्हा उजळला. भिंगरी नाचलीही, पण अर्ध्या गाण्यातच तिची मांडी थरथरू लागली. चार वर्षे न वापरलेला पाय तो. मला कुणी देऊन टाकले नाही. ती आता रोज थोडे थोडे करते आणि आठवड्यागणिक पाय जास्त तग धरतो आहे. पण दहा-बारा वर्षांची ती भिंगरी, दप्तर फेकून माझ्याकडे धावणारी, ती काही परत यायची नाही. तिच्या वाया गेलेल्या चार वर्षांची हळहळ मला कायमची लागली आहे.

म्हणून मित्रांनो, माझे एक ऐका. दुसऱ्याच्या वस्तूतला कागदाचा कपटासुद्धा टाकण्याआधी विचारा. तुमच्या हातून चहा सांडला तर सांगून टाका, कुणी खाऊन टाकत नाही. आणि एखादे दिवशी तुमचा पाय, हात किंवा डोके चालेनासे झाले असे वाटले, तर एकट्याने दार लावून बसू नका. जवळच्या माणसाला हाक मारा आणि म्हणा, "जरा इथे उभं राहून बघ ना." त्या घरात चार माणसे होती. चौघांनाही बोलता येत होते. बोलता न येणारा मी एकटाच होतो.