रम्या कुणाची पेशंट?

मल्लेश्वरमच्या श्यामलाच्या मुलीला, सात वर्षांच्या रम्याला, दमा होता आणि दोन डॉक्टर होते. दमा एकच असल्यामुळे तो बिचारा आळीपाळीने दोघांकडे जाई.

गल्लीतले शेषगिरी डॉक्टर तिला जन्मापासून ओळखत. मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत तर आता वॉचमनही तिला नावाने हाक मारी. एकमेकांना ओळखत नव्हते ते फक्त डॉक्टर. धाप लागली की इमर्जन्सी, मास्क, वाफ, आणि निघताना सल्ला: "नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." नेहमीचे डॉक्टर छाती तपासून म्हणत, "आता छान आहे की! मोठ्या हॉस्पिटलची औषधं चालू ठेव, अम्मा." दोघांनीही मोठ्या मनाने रम्या एकमेकांना देऊन टाकली होती.

त्या दुपारी रम्याला धाप लागल्याचा शाळेतूनच फोन आला. श्यामला साड्यांचं दुकान नवऱ्यावर सोडून रम्याला घेऊन इमर्जन्सीत धावली. नागपूरहून नव्याने आलेल्या श्वेता डॉक्टरने मास्क लावला आणि विचारलं, "रोजचा पंप देता ना?"

श्यामलाने पर्समधून निळा पंप काढला.

"हा तर धाप लागल्यावर घ्यायचा. रोजचा वेगळा असतो, त्याने धाप लागणंच कमी होतं. तुमच्या डॉक्टरांनी दिला असेल बघा."

"नाही हो. ते म्हणतात, औषधं तुमचीच चालू आहेत."

"मग फॉलोअपला त्यांनाच विचारून..."

"मॅडम," श्यामला म्हणाली, "साडीला फॉल लावायचा असला तरी मी टेलरशी बोलते. ही तर पोर आहे. तुम्हीच बोला." आणि शेषगिरींचा नंबर लावून फोन श्वेताच्या हातात दिला.

सुरुवातीला कॉलेज कुठलं, बॅच कुठली, हे सविस्तर झालं. आता सोयरीकच जुळते की काय, असं श्यामलाला वाटलं. मग श्वेता हळूच म्हणाली, "सर, मला वाटलं रोजचा पंप तुम्ही सुरू केलाय." पलीकडून उत्तर आलं, "आणि मला वाटलं, तुम्ही."

मग दोघांनी मिळून रोजचा पंप ठरवला. रम्या मास्कमधून आईकडे बघत होती. दोन सुशिक्षित माणसांच्या सभ्यपणापायी पोर वर्षभर धापा टाकत होती. श्यामलाचे डोळे भरून आले, पण रडण्यापेक्षा तिने औषधाचं नाव नीट लिहून घेणं पसंत केलं.

संध्याकाळी सासूबाई तुंगाबाईंनी नवा पंप पाहिला. "रोज? सवय लागेल पोरीला!"

"लागू दे, आत्या. धापेची लागली होती तेव्हा कुणी काही बोललं नाही."

पावसाळ्यात रम्याला जोराची सर्दी झाली. शेषगिरींनी तपासलं, औषध थोडं वाढवलं आणि कुणी न सांगताच श्वेताला फोन लावला. बराच वेळ गप्पा झाल्या. त्यात रम्याचाही विषय निघाला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली.