वळणावर उलटलेली सतरा नंबर

मी सतरा नंबर बोलतेय. खाणीतली पिकअप. माझा रंग पांढरा, असं निदान कागदपत्रांत तरी लिहिलेलं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या उंचीचं कोण कौतुक! दगडधोंड्यांवरून जायचं तर पोट जमिनीपासून वर हवंच. पण तीच उंची माझा दुबळेपणा आहे, हे खाणीत आल्यावर कळलं. मागे अवजारांच्या पेट्या भरल्या आणि पुढे ओलं वळण आलं, की माझा तोल जायला एक हिसका पुरतो. डंपर दिसला की माणसं दहा पावलं मागे सरतात. मला मात्र घरचीच समजून कशीही हाकतात.

मला चालवायचा फोरमन. सारी खाण त्याला मामा म्हणायची, कारण त्याची सख्खी भाची इथेच मोजणीच्या कामावर होती. मामा मनाचा चांगला, कामाला वाघ. पण दर पाच मिनिटांनी उतरावं लागतं म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. बेल्टचा खटका आधीच लावून ठेवायचा आणि बेल्टला पाठ टेकून बसायचं. मग बेल्ट लावा म्हणून मी कशाला ओरडतेय? सहा वर्षं त्याने मला फसवलं आणि मी बापडी फसत राहिले.

त्या दुपारी दोन वाजता सुरुंग उडणार होता. भोंगा झाला, सगळे खाणीतून वर गेले. शेवटचा माणूस बाहेर पडल्याची खात्री करून मामा भाचीला घेऊन निघाला तेव्हा वीस मिनिटं उरली होती. टँकरने रस्त्यावर नुकतंच पाणी मारलं होतं. वळणावर रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरने सारलेल्या मातीचा सैल वरंबा पडून होता. मामाने तो सकाळीच पाहिला होता, पण काढायला सांगायचं राहून गेलं होतं.

भाचीने त्याच्या पाठीमागचा बेल्ट पाहिला आणि लावायला सांगितलं. चार मिनिटांचा तर रस्ता, असं म्हणून मामाने ते उडवून लावलं.

"मग गाडी थांबवा. मी उतरते."

"वेड लागलंय का तुला? भोंगा झालाय."

"ऐकलाय मी. मामीला काय सांगायचं, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

मामाने करकचून ब्रेक दाबला. बेल्ट ओढून लावला. आणि सगळा राग काढला माझ्या अ‍ॅक्सिलरेटरवर.

वळणावर माझी मागची चाकं घसरली, पुढचं एक वरंब्यावर चढलं. मामाने पाय काढून स्टिअरिंग सरळ धरलं असतं तर मी सावरले असते, शपथेवर सांगते. त्याने घाबरून हिसका दिला. आभाळ खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

छताखालच्या लोखंडी पिंजऱ्याने कसाबसा भार पेलला. दोघं बेल्टला उलटे लटकत होते. दारं दबून बसली होती. भाचीने चाचपडत वॉकीटॉकी शोधला.

"सुरुंग थांबवा. वळणावर गाडी उलटलीय. आत आम्ही दोघं आहोत."

नुसती खरखर. तिने पुन्हा सांगितलं. मामा डोळे मिटून पुटपुटत होता. तिसऱ्या वेळी आवाज आला, "थांबवलाय. हलू नका, येतोय." तेव्हा कुठे ती रडली.

चौकशीत बेल्ट लावला होता का, असं विचारलं. नुसतं हो म्हणून मामा सुटला असता. पण तो म्हणाला, "दोन मिनिटं आधी लावला. सहा वर्षं त्याच्यावर टेकून बसत होतो. आणि गाडी घसरली नाही, मी पाडली."

आता मला खाणीच्या फाटकाशी उभं केलंय, चेपल्या छतासकट. रोज सकाळी मामा प्रत्येक पिकअप थांबवतो, आत हात घालून बेल्ट ओढून बघतो. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

माझं एवढंच मागणं आहे. बेल्ट लावाच, पण वळणाआधी पायही उचला. बेल्टने त्या दोघांना वाचवलं. मला वाचवणं फक्त मामाच्या पायाच्या हातात होतं.