कोपरापासून मनगटापर्यंत

गरम पाण्याच्या कुंडाच्या काउंटरवरच्या जपानी बाईनं कातडीच्या रंगाची एक पट्टी मानसिंगच्या हातावर ठेवून पाहिली, शेजारी दुसरी धरून पाहिली आणि मान हलवली. कोपरापासून मनगटापर्यंत गोंदलेली 'आई' दोन पट्ट्यांत काय, दहातही मावली नसती. अक्षरांवर मुकुट होता, खाली दोन गुलाब होते.

"काय म्हनती ती?" मानसिंगनं बायकोला विचारलं.

"गोंदलेल्या माणसाला इथं पाण्यात सोडत नाहीत," संयोगिता म्हणाली. "लहानसं असलं तर पट्टी लावून चालतं. तुमचं झाकायचं नाही म्हणते."

"तिला सांग, आय हाय ती. माजी आय."

संयोगितानं इंग्रजीत सांगितलं. बाईनं कमरेत वाकून माफी मागितली आणि पट्ट्या डब्यात ठेवल्या.

मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईनं, साळूबाईनं, पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं, आणि ते काही कौतुकाचं हसू नव्हतं.

ही 'आई' मानसिंगनं कारखान्याच्या मागल्या निवडणुकीआधी सांगलीला जाऊन गोंदवून घेतली होती, अख्ख्या तालुक्याला फेसबुकवर दाखवत. त्याच दिवशी साळूबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिला इस्लामपूरला नेलं ते शेजारच्या हरणाबाईनं. मानसिंग निवडणुकीत पडला, पण बाही दुमडून हिंडायची सवय तेवढी राहिली. आता पुन्हा निवडणूक आली, तशी आईची पंच्याहत्तरीही आली. जन्मतारीख एक जून, म्हणजे मास्तरानं शाळेत लावून दिलेली; निम्म्या गावाची तीच आहे. पण तालुक्यात आपल्या आईला जपानच्या बोटीवर अजून कुणी नेलं नव्हतं, म्हणून यानं नेलं. निघायच्या आधीच मलकापूरच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यात साळूबाई बोटीपेक्षा लहान होती आणि मानसिंग बोटीपेक्षा मोठा.

साळूबाई आली ती एकाच आशेनं. गावाकडं आला की मानसिंग पायातलं न काढता उंबऱ्यात उभा राहून बोलायचा, आणि फोन वाजला की गाडीत. बोटीवरनं पळेल कुठं? चारी बाजूंनी पाणी. लेक शेजारी बसेल, चार शब्द बोलेल, असं तिला वाटलं होतं. पण तिच्या आधी फोन बोटीवर चढला होता. आय, हिकडं बघ. आय, हास जरा. आय, केक सावकाश काप. बोटीवर उघडा जाळ चालत नाही म्हणून पंच्याहत्तर दिवे बॅटरीचे आणले आणि त्यांनी तिला ओवाळलं. तेही दोनदा, कारण पहिल्या खेपेला मानसिंगचा चेहरा अंधारात आला.

आज बोट बंदराला लागली होती. गावामागच्या डोंगरातून वाफा निघत होत्या. इथल्या उघड्या कुंडात बायका-पुरुष अंगावर झगा घालून एकत्रच उतरत. त्यात उभं राहून मानसिंग आईचे पाय धुणार आणि संयोगिता ते फोनवर टिपणार, असं ठरलं होतं. गावी परतल्यावर वाढदिवसाच्या समारंभात हॉलमधल्या पडद्यावर ते दाखवायचं होतं.

"चला बोटीवर," मानसिंग म्हणाला. "मीच न्हाई तर व्हिडिओचा उपेग काय?"

साळूबाई उठली. काउंटरपाशी जाऊन तिनं आधी कपाळ पुढं केलं, मग हात. कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके होते, हातावर बोटभर तुळस. बाईनं दोन्हींवर एकेक पट्टी चिकटवली आणि दाराकडं हात केला.

"आय, तू कुटं निगालीस?"

"न्हायला. वाढदिस माजा हाय का तुजा?"

"आत्या, मी येऊ का?" संयोगितानं विचारलं, पण केसांना हात लावून.

"नगं. तुजं केस भिजतील."

कुंडात ती गळ्यापर्यंत बसली. गुडघे आधी चुरचुरले, मग गप झाले. भोवती तिच्याच वयाच्या चार बायका डोळे मिटून बसल्या होत्या. कुणी तिला इकडं बघ म्हणालं नाही. तिनंही डोळे मिटले आणि बोटीची वेळ होत आल्याचं सांगायला संयोगिता येईपर्यंत ती उठली नाही.

ती बाहेर आली तसा मानसिंग उठून उभा राहिला.

"आय, हितंच थांब. वली केसं दिसूदेत. मागं वाफ हाय, झ्याक येतंय."

साळूबाई थांबली नाही. येऊन बाकावर बसली आणि शेजारची जागा तिनं हातानं झाडली. तोही बसला, फोन तसाच समोर धरून. पाण्यानं कपाळावरची पट्टी सुटत आली होती. ती तिनं सोलून काढली, त्याच्या फोनच्या पाठीवरचे तिन्ही डोळे झाकतील अशी लावली आणि अंगठ्यानं दाबून बसवली.

"आता बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"माजं आपरेशन कुटल्या डोळ्याचं झालं, ते सांग."

मानसिंगनं आधी एका डोळ्याकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. संयोगिता बाहेर बस आली का बघायला गेली.

"सांग की."

त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला. मग दुमडलेली बाही एकेक घडी उलगडत मनगटापर्यंत खाली ओढली आणि बटण लावलं.